पल्सर २२० च्या जागी डॉमिनार ४००: लांब पल्ल्यासाठी गाडी तयार करतानाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

पल्सर २२० दिली, तिच्या जागी डॉमिनार ४०० आली. २०२१ चं मॉडेल, ३१,४०० किलोमीटर, एमएच-१४ पासिंग. ३७३.३ सीसी सिंगल सिलिंडर, ताकद ४० पीएस, टाकी १३ लिटर. २२० ची टाकी १५ लिटरची होती आणि तिचं अर्धं फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण) ही तिची खरी जमेची बाजू. डॉमिनारला ताकद दुप्पट, पण ऐंशीच्या पुढे सगळा वारा छातीवर. म्हणजे गाडी मोठी घेतली म्हणून आराम आपोआप मिळत नाही, तो नव्याने बसवावा लागतो.

कागद: पुण्याकडची गाडी कोल्हापूर आरटीओकडे आणायची तर आधी तिकडून फॉर्म २८ वर एनओसी, मग मालकी बदलायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५. पैसे पूर्ण देण्याआधी एनओसी हातात घ्यावी, एवढंच.

घेताना तपासलेलं: पुढच्या टायरवर १८२१ (२०२१ चा १८ वा आठवडा), मागच्यावर ०९२३. पुढचा टायर गाडीबरोबरचाच. नक्षी आहे, पण रबर कडक झालंय, नख रुतत नाही. बदलायचा. बॅटरी बंद इंजिनवर १२.६ व्होल्ट, ४००० आरपीएमला १४.१, चार्जिंग ठीक. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळ्यांवर तेलाचा ओघळ नाही. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा डिस्क भरपूर जाड.

एकच खोट सापडली. पुढचं चाक उचलून हँडल बोटाने सावकाश फिरवलं, तर बरोबर मधे 'टक्' करून अडकतं.

१० ऑक्टोबर

कामाचा क्रम ठरवला: आधी दुरुस्ती, मग सस्पेन्शन, मग सीट, मग हँडल, मग वारा, शेवटी सामान आणि दिवे. बहुतेक जण उलटं करतात. आधी व्हायझर (गाडीची पुढची वारा अडवणारी काच), फॉगलाइट, कॅरिअर घेतात आणि सीट तशीच राहते. पण सीट २० मिमी वर गेली की हँडल २० मिमी खाली गेल्यासारखं होतं आणि डोकं वाऱ्यात २० मिमी वर जातं. म्हणून सीटच्या आधी हँडल किंवा व्हायझर घेतला तर तो दुसऱ्यांदा घ्यावा लागतो.

एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी तोच रस्ता: कोल्हापूरचा कावळा नाका, कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर आणि परत. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर होतात. सरळ हायवे आहे, घाटाची वळणं आहेत आणि सहापदरीच्या कामाचे डायव्हर्शनही आहेत, म्हणजे खड्डे शोधायला वेगळं जायला नको. मापांसाठी चालवणारा ८२ किलो, उंची १७५ सेंटिमीटर, सामान १४ किलो.

१३ ऑक्टोबर

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. 'टक्' इथलीच. जुन्या कपात, चाक सरळ असताना गोळ्या जिथे टेकतात तिथे खळगे पडलेले. खड्ड्यात चाक आपटलं की गोळी कपात रुतते. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे मार कायम त्याच जागी बसतो. गाडी सरळ रेषेत चालताना हलकी डुलत होती त्याचं मूळ हेच.

गोळ्यांच्या जागी टेपर रोलर घातले. बाहेरच्या रेस (बेअरिंगच्या कड्या) रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, त्यामुळे बसवताना हातोडा जेमतेम लागला. जुन्या काढताना पितळी सळई वापरली. लोखंडी पंच घसरला तर हेडट्यूबच्या (फ्रेमच्या ज्या नळीत कोनसेट बसतो तिच्या) आत ओरखडा पडतो आणि नवी रेस तिरकी बसते. ग्रीस रोलरच्या मधे बोटाने दाबून भरायचं, वरून लावून भागत नाही.

नट घट्ट करण्यात बरेच जण चुकतात. टेपरला गोळ्यांसारखं आवळलं की हँडल जड होतं आणि कमी वेगात गाडी नागमोडी चालते. पद्धत: आधी बऱ्यापैकी आवळून हँडल दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, म्हणजे रेस बसतात. मग नट सैल करून पुन्हा फक्त खेळ (ढिलेपणा) जाईपर्यंत घ्यायचा. चाक हवेत असताना हँडल मधून जरा ढकललं तर आपल्या वजनाने टोकाला जाऊन पडलं पाहिजे. पडलं नाही तर नट जास्त आवळलाय. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघायचं, कारण नव्या रेस अजून थोड्या बसतात.

त्याच दिवशी फोर्कचं तेल बदललं. आधीचं चहासारखं निघालं. पुढचा टायर नवा.

१९ ऑक्टोबर

मागचा शॉकअप. मागच्या चाकाचा प्रवास ११० मिमी. एक्सलपासून वर शेपटावर चिकटपट्टीची खूण केली आणि तीन मापं घेतली: चाक हवेत ५९८ मिमी, गाडी आपल्या वजनावर ५८६, माणूस आणि सामान धरून ५४१. म्हणजे माल भरल्यावर गाडी ५७ मिमी बसते, निम्म्याहून जास्त प्रवास उभ्या उभ्याच संपला. खड्ड्यासाठी उरलं काय? कंबरेला बसणारा दणका इथून येतो, त्यात सीटचा दोष नाही. ३० ते ३५ टक्के, म्हणजे ३३ ते ३८ मिमी बसली तर ठीक.

सी-पान्याने प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) दोन खाचा वाढवला: ५९२ आणि ५४७. आणखी एक खाच: ५९५ आणि ५५०. आता ४८ मिमी.

हे आकडे नीट बघण्यासारखे आहेत. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीतला फरक तिन्ही वेळा ४५ मिमीच आहे. प्रीलोडने गाडी फक्त वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. तो ४५ चा फरक स्प्रिंग आणि वजन ठरवतात. प्रीलोड अजून वाढवला असता तर रिकामी गाडी पूर्ण वर टेकली असती आणि चाक खड्ड्यात खाली जायला जागाच राहिली नसती, मग मागचं चाक उड्या मारतं. एकटा माणूस बसवून याच खाचेवर मोजलं तर ३७ मिमी, अगदी हवं तेवढं. म्हणजे शॉकअप माणसाला पुरतो, सामानाला कमी पडतो. सामान मागे टोकाला आहे तोवर त्याचं सगळं वजन मागच्याच चाकावर. उपाय सामानाच्या वेळी.

मागे प्रीलोड बदलला की चेनचा ढिलेपणाही बदलतो, विसरू नये. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत ताणलेली असेल तिथे मोजायचं.

२६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर

सीट. दिवाळीमुळे लांबलं, पण घाई करण्यासारखं कामच नाही हे.

मूळ सीटमध्ये दोन दोष. एक, ती पुढे उतरती आहे, म्हणून दर ब्रेकला माणूस टाकीकडे सरकतो आणि सगळा भार मनगटांवर जातो. दोन, बसायच्या जागी फोम वरून मऊ लागतो पण तासाभरात चेपून प्लॅस्टिकच्या बेसपर्यंत पोचतो. दुकानात अंगठ्याने दाबून 'मऊ आहे, छान आहे' म्हणणं हीच फसगत. शोरूममध्ये कडक वाटलेली सीटच चारशे किलोमीटर साथ देते.

बसण्याची दोन हाडं कुठे टेकतात ते आधी शोधलं. पुठ्ठ्याच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा सीटवर ठेवून रायडिंगच्या बैठकीत पाच मिनिटं बसलं की दोन खळगे उमटतात. मधलं अंतर १२० मिमी आलं. खळगे सीटच्या कडेच्या उतारावर पडत होते, म्हणजे हाडांना खाली आधारच नव्हता.

पिना पेचकसाने उचकटून रेक्झिन काढलं. मूळ फोम पूर्ण टाकला नाही. बसायच्या जागेचा भाग हॅक्सॉच्या पात्याने ४० मिमी खोल कापून काढला आणि त्यात १०० डेन्सिटीचा रिबाँडेड फोम बसवला, जो जुन्या फोमचे तुकडे दाबून करतात तो. त्यावर २५ मिमी एचआर फोम (दाब काढला की लगेच परत फुगणारा), ५० डेन्सिटीचा. सगळ्यांत वर १० मिमी मऊ थर, तो फक्त कडा लपवायला. पुढे टाकीजवळ १५ मिमीची पाचर घालून उतार सपाट केला. मागची रुंदी २२० मिमीवरून २६० मिमी, पुढचं नाक मात्र मुद्दाम अरुंद, नाहीतर पाय जमिनीला पोचत नाहीत. एकूण उंची १८ मिमीने वाढली.

चिकटवताना रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटलं पण ओढलं गेलं नाही की जोडायचं. जाड थर लावला की वाळून त्याची कडक वळी होते आणि ती बरोबर मांडीखाली लागते. पहिल्या वेळी तेच झालं, थर पुन्हा उचकटावा लागला. आकार देताना ग्राइंडरला ४० नंबरची सँडिंग डिस्क, हलक्या हाताने. फोम कापला जात नाही, घासला जातो, त्यामुळे चूक झाली तरी दोन-चार मिमीचीच होते.

महत्त्वाचं: रेक्झिन शिवण्याआधी फोमवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, चिकटपट्टी मारून संकेश्वरला जाऊन आलो. परतताना कागलजवळ उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला कड लागायला लागली. घरी येऊन तिथला ६ मिमी घासला. पुन्हा फेरी. अशा तीन फेऱ्या. शिवून झाल्यावर हे करता आलं नसतं.

रेक्झिन शिवताना टाके बसायच्या जागेवर नकोत. सुईच्या भोकांतून पाणी आत जातं आणि गगनबावड्याच्या पावसात एकदा भिजलेला फोम आठवडाभर वाळत नाही. फोम आणि रेक्झिनच्या मधे पातळ प्लॅस्टिक घातलंच. पिना ६ मिमीच्या, बेसच्या जाडीपेक्षा लांब पीन आरपार जाते.

कोल्हापुरात हा प्रश्न येतोच: चपलेचं कातडं का नाही? वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं ते कातडं पायात छान, सीटवर नाही. पाणी पितं आणि वाळलं की आखडतं. जेल पॅडही घातला नाही. दुपारी दोनला उन्हात उभ्या गाडीवरचा जेल तव्यासारखा तापतो.

१६ नोव्हेंबर

हँडल. सीट वर गेल्याने अपेक्षेप्रमाणे पुढे वाकणं वाढलं.

स्पेसर (हँडल वर उचलणारे ठोकळे) घेण्याआधी फुकटातलं काम: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली फिरवले. बसल्यावर कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत यायला हवीत. हात बधिर होतो तेव्हा कोणती बोटं हे विचारावं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय, हँडल लांब किंवा खाली आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटं असतील तर मनगट वाकतंय, लिव्हर फिरवून भागतं. इथे दोन्ही होतं.

उद्यमनगरात लेथवर २५ मिमीचे दोन स्पेसर करून घेतले, ६०८२ अ‍ॅल्युमिनियमचे. तयार रायझर घ्यायचा असेल तर हँडल जिथे पकडलं जातं तिथे व्हर्निअरने मोजावं. २२ आणि २८.६ मिमी असे दोन व्यास चालतात आणि टोकाला ग्रिपजवळ दोन्ही २२ च असतात, त्यामुळे तिथलं माप फसवतं. बोल्ट मूळपेक्षा बरोबर २५ मिमी लांब, १०.९ ग्रेड. टर्नरने हाताशी असलेला, मूळपेक्षा २० मिमीच लांब बोल्ट देऊ केला, घेतला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे. पाच मिमी कमी गेला तर घट्ट होताना कळत नाही, आटे एखाद्या खड्ड्यात सुटतात.

मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवलं. आरपीएम हलला तर केबल ताणली जातेय. हलला नाही. क्लचचा खेळ टोकाला कमी होत होता, केबल टायमधून सोडवून आतल्या बाजूने फिरवली. ब्रेकचा होज टोकाला ताठ होता कामा नये, वाकलेलाच दिसला पाहिजे.

थरथर: हायवेवरच्या नेहमीच्या वेगाला ग्रिपमध्ये बारीक मुंग्या. एमएस (साध्या पोलादी) सळईचे बारएंड, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायची वजनं, करून घेतले, ३५ मिमी व्यास, ४५ मिमी लांब, मधे ८ मिमी भोक. एकेक ३२० ग्रॅम भरला. वजनाने थरथर जात नाही, ती कमी त्रासाच्या आरपीएमला सरकते.

आणि इथेच एक धोका. बसवून झाल्यावर एक्सिलेटर सोडला तर तो सावकाश मागे आला. बारएंडचा पुढचा चेहरा ग्रिपच्या रबराला घासत होता, मधे कागदही जाईना. एवढ्यावर गाडी रस्त्यावर काढली असती तर घाटात एक्सिलेटर उघडाच राहिला असता. बारएंडच्या आतल्या तोंडाला २ मिमीची पायरी काढून आणली. आता मधे फट दिसते आणि सोडलेला एक्सिलेटर 'खट्' करून बंद होतो.

२४ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर

वारा. उंच व्हायझर लावला की वारा थांबतो हा समज. वारा छातीवरून उठतो आणि हेल्मेटवर आदळतो. छातीवरचा स्वच्छ वारा परवडला, हेल्मेट हलवणारा घुसळलेला वारा तासाभरात मान धरतो.

विकत घेण्याआधी मूळ व्हायझरवर पुठ्ठा चिकटवून उंची ठरवली, रिकाम्या सरळ रस्त्यावर, ऐंशीच्या वेगाने, त्याहून जास्त नाही. ६०, १००, १४० मिमी. शंभरला हेल्मेट सर्वांत जास्त हललं, साठ आणि एकशेचाळीसला कमी. म्हणजे 'थोडा उंच' हाच सर्वांत वाईट. मूळपेक्षा १४० मिमी उंच असा पॉलिकार्बोनेटचा व्हायझर घेतला. नजर त्याच्या कडेवरून गेली पाहिजे, आरपार बघायला लागलं तर पावसात आणि रात्री काही दिसत नाही.

तरी शंभरच्या वेगाला थोडी घुसळण होतीच. व्हायझरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि वरून येणारा वारा त्या पोकळीत कोसळतो. खालच्या स्क्रूंमध्ये १५ मिमीचे रबरी स्पेसर घालून खालून हवेला वाट दिली. जास्त वारा आत घेतला आणि हेल्मेट शांत झालं.

तिसऱ्या दिवशी वरच्या भोकापासून केसासारखी भेग. कारण: स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांना लावलेलं थ्रेडलॉकर. ते पॉलिकार्बोनेटला लागलं की ताणाखाली प्लॅस्टिक तडकतं. भेगेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून ती थांबवली. आता रबरी वेलनट (रबरी बुशीत बसवलेला नट), नायलॉन वायसर, कुठलंही रसायन नाही. पुसायला फक्त साबणाचं पाणी, पेट्रोलचा बोळा तर मुळीच नाही.

१५ डिसेंबर

सामान. मागच्या बॅगेतली अवजारं, पाणी, पंप असे ५ किलो टाकीवरच्या बॅगेत आणले, ३ किलो घरी ठेवले. त्याच खाचेवर माप ५५६, म्हणजे ४२ मिमी. ऑक्टोबरमधला हिशोब इथे सुटला, पूर्ण नाही पण बराच. साइड बॅगांचे स्टे (आधाराच्या पट्ट्या) थरथरीने न सुटणाऱ्या नायलॉक नटने. सायलेन्सरच्या बाजूला बॅगेत चार बोटांची मोकळी जागा आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. फुटरेस्टला हात लावला नाही, सीट वर गेल्याने गुडघा आधीच मोकळा झालाय.

२८ डिसेंबर

दिवे. हौस म्हणून नाही. उसाचा हंगाम चालू आहे, आणि संध्याकाळनंतर कागल, मुरगूडकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर. तो दिसायला लांबचा झोत लागत नाही, रस्त्याच्या कडेपर्यंत रुंद पसरणारा लागतो. म्हणून पसरट काचेचे दोन एलईडी, फोर्कजवळ खाली.

रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) चार पायांचा: ३० ला बॅटरी (फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, ७.५ अँपिअर), ८७ ला दिवे, ८६ ला पार्किंगच्या वायरचा इशारा, ८५ अर्थ. दोन्ही दिवे मिळून ३.१ अँपिअर. वायर १.५ चौरस मिमी.

पहिल्यांदा लावले तेव्हा बॅटरीवर १४.० व्होल्ट, दिव्यावर १३.२. पॉझिटिव्ह बाजूला जेमतेम ०.१ व्होल्टची घट, बाकी सगळी अर्थमध्ये. अर्थचा लग (वायरच्या टोकाची चकती) फ्रेमच्या रंगावर आवळला होता. अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, दिव्यावर १३.८.

भिंतीपासून १० मीटरवर गाडी, माणूस बसलेला, सामान भरलेलं. झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा १५ सेंटिमीटर खाली. रिकाम्या गाडीवर लावून घेतलेले दिवे सामान चढलं की समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

१८ जानेवारी २०२५

कोल्हापूर ते चित्रदुर्ग, सुमारे ४१० किलोमीटर, एका दिवसात. पेट्रोलसाठी दर अडीचशेला थांबायचं ठरवलं होतं. सरासरी २८ ची, टाकीचा पूर्ण पल्ला ३६० च्या पुढे जातो, पण शेवटचे शंभर काट्याकडे बघत काढण्यात अर्थ नाही. हुबळीपर्यंत सीटवर जागा बदलावी लागली नाही. दावणगेरेनंतर दोन हाडांच्या मधे, माकडहाडाशी जड वाटायला लागलं.

हात ठीक. मान ठीक. उजव्या पोटरीला इंजिनची गरम हवा, शहरातल्या सिग्नलवर जास्त.

२६ जानेवारी

रेक्झिन मागून अर्धं उघडून माकडहाडाखाली ४० मिमी रुंद, १२ मिमी खोल लांबट खाच घासली, वरचा मऊ थर तसाच. बाहेरून दिसत नाही. कोनसेट पुन्हा बघितला: अपेक्षेप्रमाणे बारीक खेळ आला होता, नट जेमतेम फिरवला. चाक आपोआप टोकाला पडतं.

उजव्या पोटरीसाठी रेडिएटरच्या कडेला रबरी पट्टी लावून हवा बाहेर वळवायचा प्रयोग. पट्टी फॅनच्या वाटेत येत नाही ना, हे पंखा चालू करून आधी बघायचं. निपाणी फेरी पुढच्या रविवारी.